पूर्ण लेख घरपोच

काकूंच्या दुकानात खुर्च्या छताला टांगलेल्या असत, पाय वर करून, वटवाघळांसारख्या. गल्लीतली माणसं चेष्टा करत की काकूंकडे खुर्च्या ढीगभर, पण आल्यागेल्याने बसायचं म्हटलं तर उंबऱ्यावर. शेजारचा कुलूपवाला तर म्हणे, काकूंना माणूस दिसतच नाही, त्याची बसण्याची जागा तेवढी दिसते.

वेताच्या खुर्चीची बैठक विणणं हा काकूंचा धंदा. तरुणपणी हात असा चालायचा की गिऱ्हाईक बोलत उभं राही आणि बोलणं संपायच्या आत एक रांग विणून होई. आता बोटांची पेरं सकाळी उघडायला कुरकुरत, आणि जाळीतून पट्टी ओढताना अंगठ्यातून कळ निघे. त्याचं काकूंना फारसं काही नव्हतं. देवाने हात दिले तेव्हा ते जन्मभराच्या करारावर दिलेत असं कुठे सांगितलं होतं? मनाला लागायचं ते वेगळंच. हातातलं हे काम घ्यायला दुसरा हात पुढे येत नव्हता. लेकीला वेताच्या खुर्चीत बसायला आवडे, विणायला नाही. गल्लीत कुणी शिकेना. म्हणून लेकीने आणि जावयाने मिळून त्यांना एक ब्लॉग काढून दिला होता आणि काकू दर आठवड्याला एका बोटाने टकटक करत त्यावर एक लेख लिहीत. फाटलेली बैठक कशी उतरवायची, भोकं कशी साफ करायची, तिरपी पट्टी कुठून घालायची.

पण लिहून वाचतंय कोण? पानाच्या कोपऱ्यात भेटी मोजणारा आकडा होता आणि तो गोगलगाईसारखा सरके. त्यातही निम्म्या भेटी आपल्याच, हे काकूंना ठाऊक होतं. शेवटी त्यांनी लेकीला सांगून टाकलं की एवढं वर्ष बघायचं. कुठेतरी कुणीतरी शिकतंय असं दिसलं तर लिहायचं आणि दुकानही ठेवायचं. नाही दिसलं तर दोन्हींना कुलूप, आणि मी येते तुझ्याकडे नातवंडं सांभाळायला. लेक म्हणाली की आमचं काय, आम्हाला दोन्हीकडून फायदाच. बोलली हसत, पण आईच्या चेहऱ्याकडे बघून तिने विषय बदलला.

जावई जाहिरातीच्या कचेरीत होता. मनाने लोणी, पण बोलायला लागला की दुकानदार. त्याने एका रविवारी सासूबाईंचा सगळा पसारा नीट तपासला आणि रोग शोधून काढला. काकूंच्या ब्लॉगला फीड होतं. म्हणजे ज्याने एकदा मागणी नोंदवली, त्याच्याकडे काकूंचा प्रत्येक नवा लेख आपोआप जाऊन पडे, अथपासून इतीपर्यंत. त्याला काकूंच्या पानावर यायची गरजच नव्हती आणि जो येत नाही तो आकड्यात दिसत नाही.

"आई, तुम्ही डबे भरभरून घरोघरी पाठवता," तो म्हणाला, "आणि मग आपल्याकडे जेवायला कुणी येत नाही म्हणून वाईट वाटून घेता."

मग मागणी नोंदवणारे किती आहेत ते सांगा, असं काकू म्हणाल्या. त्यावर त्याने डोकं खाजवलं. त्याचा नेमका हिशेब लागत नाही, म्हणाला. त्याचं म्हणणं एवढंच की फीडमधून पहिला परिच्छेद तेवढा जाऊ द्यावा, खाली 'पुढे वाचा' अशी कळ ठेवावी. ज्याला खरी गरज आहे तो कळ दाबून पानावर येईल. पानावर दोन जाहिराती लावल्या की ब्लॉगचा खर्चही परस्पर भागेल.

काकूंना ते पटेना. पाहुण्याला दारात उभं करायचं, पाण्याचा पेला दुरून दाखवायचा आणि आत याल तर देते म्हणायचं, ही कुठली रीत? त्यांनी बरीच खळखळ केली. जावईही हटणारा नव्हता. पाणी तुम्ही देणारच आहात, तो म्हणाला, फक्त आत बोलावून देणार आहात. आणि शेवटी त्याने हळूच विचारलं की कोण येतंय ते तुम्हालाच बघायचंय ना? बघायचंच तर होतं. त्या "करा" म्हणाल्या आणि जावयाने तिथल्या तिथे बदल केला.

इथे काकूंच्या लिहिण्याची एक खोड सांगायला हवी. त्यांचे वडील गाऊन प्रवचन सांगत. दूरदूरची माणसं कंदील घेऊन ऐकायला येत. त्यांची पद्धत अशी की आधी विरोधकाची बाजू घ्यायची, तीही मनापासून, पोटतिडकीने. देव कुठे आहे, कुणी पाहिलाय, भल्याच्या वाट्याला दुःख का, असं एकेक विचारत ते ऐकणाऱ्याला अशा अडचणीत नेत की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या घाबरून एकमेकींकडे बघत. बुवा आज पलीकडे गेले की काय? आणि मग बुवा क्षणभर थांबत, सूर लावत, आणि एका ओळीत सगळं उलटवत. ते म्हणत, शंकेला पोटभर बोलू दिलं नाही तर ती तोंडदेखली गप्प बसते आणि घरी गेल्यावर पुन्हा उठते.

काकूंनी गळा घेतला नव्हता, पण ही रीत घेतली होती. त्यांचा प्रत्येक लेख आधी चुकीची पद्धत सांगे, अगदी खरी वाटावी अशी. मग एक ओळ येई, 'पण थांबा', आणि तिथून पुढे बरोबर काय ते.

बदलानंतरचा पहिला लेख होता वेत भिजवण्याचा आणि ताणण्याचा. काकूंनी रंगात येऊन सुरुवात केली होती. वेत रात्रभर पाण्यात ठेवा, हात आखडता घेऊ नका. सकाळी तो लोण्यासारखा वळेल. मग ओला असतानाच जीव खाऊन ताणा, इतका की बोट मारलं तर तार वाजावी. सैल बैठक ही विणणाऱ्याची नाचक्की. इथे पहिला परिच्छेद संपला. खाली, 'पण थांबा'च्या पुढे, खरं होतं ते असं: वेत तासाभराच्या आत पाण्यातून काढायचा, नाहीतर तो काळवंडतो आणि त्याची ताकद जाते. आणि विणताना बोटभर दबेल इतका ढिला ठेवायचा, कारण सुकताना तो आपणहून आवळतो. आधीच ताणलेला असला तर त्याला आवळायला जागा उरत नाही आणि तो तुटतो.

आकडा मात्र वाढला. दोन दिवसांत एवढा वाढला की काकूंनी कुलूपवाल्याला बोलावून दाखवला. तो म्हणाला, काकू, अर्ध्या हळकुंडाने पिवळ्या होऊ नका, त्यातले चार मीच आहे, बायकोच्या फोनवरूनही उघडून बघितलं. पण त्या दिवशी काकूंनी छतावरची एक जुनी, वर्षानुवर्षं रेंगाळलेली खुर्ची खाली काढली आणि गुणगुणत तिची भोकं साफ केली.

फोन आला तो पुढच्या आठवड्यात. आवाज पुरुषाचा, शांत, शब्द मोजून टाकणारा. त्याने सांगितलं की तो एका अंधशाळेत मास्तर आहे, स्वतःही जन्मापासून अंध, आणि तिथल्या मोठ्या मुलामुलींना खुर्च्या विणायला शिकवतो. काकूंचा नंबर ब्लॉगवर होता, तो एका सहकाऱ्याकडून वाचून घेतला होता. त्यांच्या कार्यशाळेत दर आठवड्याला काकूंचा लेख संगणक मोठ्याने वाचून दाखवतो आणि सगळे हातातलं काम थांबवून ऐकतात. आता वाचनालयाच्या खुर्च्यांचं काम हातात होतं. बैठका विणून झाल्या, सुकायला ठेवल्या, आणि रात्रीतून एकेक पट्टी तटातट तुटत गेली. सगळ्या बैठका गेल्या.

"ताई, तुम्ही सांगितलंत तस्संच केलं," मास्तर म्हणाले. "आमचं कुठे चुकलं, तेवढं सांगाल का?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर काकूंना बरं वाटलं असतं. त्यांनी विचारलं की शेवटपर्यंत ऐकलंत ना? शेवटपर्यंतच ऐकलं, मास्तर म्हणाले. संगणक पहिल्या परिच्छेदाशी थांबला. एक कळ होती ती दाबली, तर त्याने चपलांची जाहिरात वाचली, मग पुन्हा चपलांचीच, मग कसल्याशा बक्षिसाची. बराच वेळ वाट पाहिली, लेख काही आला नाही.

"दरवेळी तुम्ही आधी भलतंच सांगता हे आम्हाला पाठ आहे," ते पुढे म्हणाले. "पोरं तर 'पण थांबा' तुमच्याबरोबर एकासुरात म्हणतात. यावेळी ते आलंच नाही. मग आम्हाला वाटलं, यावेळी खरंच तसं असेल. ताईंनी आजवर चुकीचं कधी सांगितलं नाही."

काकू खाली बसल्या. बसण्याजोगी एकही खुर्ची खाली नव्हती म्हणून जमिनीवरच. त्यांना वडिलांचा एक प्रसंग आठवला. कुणीतरी घाईचा माणूस प्रवचन अर्ध्यावर टाकून शेवटची गाडी पकडायला उठून गेला होता आणि आपल्या गावी जाऊन त्याने सांगितलं होतं की बुवा आता देव नाही म्हणतात. वडील त्यावर महिनाभर हसत होते. पण तो माणूस आपल्या पायांनी उठून गेला होता. इथे ऐकणारे हात जोडून बसले होते आणि बोलणाऱ्यानेच दिवा मालवला होता.

त्यांनी मास्तरांची माफी मागितली, झालं ते सगळं सांगितलं. पलीकडून हसू ऐकू आलं.

"आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं म्हणतात," मास्तर म्हणाले. "तुमच्या जावयाने अर्ध्यावरच भागवलं की."

हसत हसत काकूंचे डोळे भरून आले. त्यांनी विचारलं की ऐकायला असतं तरी कोण कोण? वर्गच्या वर्ग असतो, मास्तर म्हणाले. आणि शिकून गेलेलेही असतात, आपापल्या घरी लेख मागवून ऐकतात. एका मुलीने तर स्वतःचं दुकान टाकलंय, तिच्या आईला ती मदतनीस म्हणून हाताखाली ठेवते आणि ओरडतेही. काकू ऐकत राहिल्या. इतकी माणसं, आणि कोपऱ्यातल्या त्या आकड्यात यातलं एकही कधी आलं नव्हतं.

जावयाला संध्याकाळी बोलावणं गेलं. तो सगळं ऐकून ओशाळला आणि लगेच उपायही घेऊन आला. जाहिराती आजच काढतो, म्हणाला, आणि आई, तुम्ही बरोबर पद्धत आधी लिहा, चुकीची नंतर. म्हणजे पहिला परिच्छेद गेला तरी धोका नाही. वाईट सल्ला नव्हता. काकूंनी तो तोंडात घोळवून बघितला आणि मान हलवली. बरोबर काय ते आधी सांगितलं की माणूस हो म्हणतो आणि विसरतो, त्या म्हणाल्या. चुकीच्या वाटेने दोन पावलं बरोबर चालून मग वळवलं, की वळण लक्षात राहतं. आपलं सांगणं हे असं एकसंध आहे. त्याचा तुकडा पाडून पाठवला तर तो निम्मा राहत नाही, उलटा होतो.

"पण मग आकडा पुन्हा खाली येईल," जावई म्हणाला. "कोण ऐकतंय ते तुम्हाला कळणार कसं?"

"बाबांना तरी कुठे कळत होतं? कंदिलाच्या उजेडात पहिल्या दोन रांगा दिसायच्या. त्यामागे सगळा अंधार. ते अंधाराकडे बघूनच गायचे."

जावयाने संगणक पुढे ओढला, जाहिराती काढल्या, फीड पुन्हा पुरतं खुलं केलं. तो तुटका लेख नव्याने सगळीकडे पाठवला आणि वर स्वतःच्या नावाने एक ओळ लिहिली की चूक ताईंची नाही, जावयाची. आणि काकू नको नको म्हणत असतानाही तो दुसऱ्या दिवशी रजा टाकून गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर वेताच्या जुड्या, त्यांच्याखाली दबलेली लेक.

कार्यशाळा म्हणजे एक लांब खोली होती. खिडक्या उघड्या, पण दिवे बंद, कारण तिथे त्यांची कुणाला गरज नव्हती. लेकीचा पाय बादलीला लागला आणि कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं की डोळस पाहुणे आलेले दिसतात. सगळी खोली हसली. तुटक्या बैठका भिंतीशी रचून ठेवल्या होत्या. काकूंनी एक मांडीवर घेतली, बोट फिरवलं. तुटलेली होती, पण वीण? भोकाला भोक जुळलेलं, एकही पट्टी उलटी नाही, तिरपी पट्टी अगदी त्यांनी सांगितलेल्या कोपऱ्यातून घातलेली. हे आपलंच काम आहे आणि आपण ते केलेलं नाही, असं पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना एकदम हलकं वाटलं.

यावेळी वेत थोडाच वेळ भिजवला आणि दुपारपर्यंत नव्या बैठका चढू लागल्या. काकू एकेकाच्या हाताशी बसून बोटभर ढील म्हणजे किती ते दाखवत होत्या. एका मुलीपाशी आल्या तेव्हा ती बैठक बोटाने दाबून बघतच नव्हती. टिचकी मारायची, कान खाली न्यायची, पुन्हा टिचकी. काकूंनी विचारलं की हे काय? मुलगी म्हणाली की बोटाने ढील बघायला जाळी दाबावी लागते, त्यात ओली पट्टी सरकते. आवाजावरून कळतं. चारही कोपरे एकाच सुरात बोलले की ढील सारखी. मास्तरांनी नाही शिकवलं, आमचं आम्हीच काढलं.

काकूंनी टिचकी मारली. एक कोपरा खरंच वेगळा बोलला. इतकी वर्षं वेत हाताळला, आणि तो बोलतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

लेकीने मागून विचारलं की आई, निघायचं का, उजेड आहे तोवर. काकूंनी तिला हातानेच थांबवलं आणि मुलीला म्हणाल्या, हे पुढच्या लेखात घालायचं, तुझ्या नावाने. तू सांग, मी एका बोटाने उतरवते. मुलगी लाजली, म्हणाली की मला लिहिण्यासारखं सांगता येत नाही, फार लांबतं.

"लांबू दे," काकू म्हणाल्या. "सगळं जाणार आहे."

आणि जावयाकडून संगणक मागून घेत त्यांनी जवळचा एक लाकडी चौरंग ओढला, पदर खोचला आणि कान बैठकीशी नेऊन बसल्या. वर्षअखेरीच्या कुलपाची गोष्ट लेकीने पुन्हा काढली नाही.