बसून राहिलेले खासदार

माझे मेहुणे गिल्बर्ट पेनवॉर्न खासदार झाले ते लॉर्ड ट्रेव्हॅनिकच्या मेहेरबानीने. आमच्या पोर्थमेलिन गावात मतदार मूठभर, त्यातले बहुतेक लॉर्डसाहेबांची कुळं. राणी अ‍ॅन वारली आणि जर्मनीहून नवा राजा आला, त्या सुमारास लॉर्डसाहेबांना पार्लमेंटात पाठवायला एक पडखाऊ माणूस हवा होता. गिल्बर्टांना कुणाला नकार देणं जमतच नसे. झाली निवड.

लंडनहून आले की ते एवढंच सांगत, की सभागृहात झोप छान लागते.

पुढे लॉर्डसाहेबांनी आमच्या नदीवर बंधारा घालायचं विधेयक आणवलं. बंधारा झाला की समुद्रातून वर येणारे सगळे साल्मन मासे त्यांच्या जाळ्यात, आणि वरच्या अंगाच्या कोळ्यांना नुसतं पाणी. गिल्बर्टांना हे पटत नव्हतं, पण बोलणार कोण?

तिथली मत द्यायची रीत अशी: विधेयक हवं असेल त्यांनी उठून बाहेर जायचं, नको असेल त्यांनी बसून राहायचं. मग दोन्हीकडची डोकी मोजतात. त्या दिवशी गिल्बर्टांचा अंगठा संधिवाताने टम्म फुगला होता, म्हणून त्यांनी बूट काढून बाकाखाली सारला होता. सगळे उठले तेव्हा तो काही केल्या पायात चढेना. तोवर दारं लागली. विधेयक एका मताने पडलं.

ते गावी आले तेव्हा कोळ्यांनी घोडे सोडून त्यांची गाडी स्वतः ओढली. गिल्बर्टांनी बिचाऱ्यांनी खरं ते सांगून टाकलं, की बूट चढला नाही म्हणून बसलो. लोक पोट धरून हसले. कोळ्यांचा म्होरक्या हॅनिबल रोझवॉर्न म्हणाला, “बघा, केवढं काम केलं आणि बोलायला किती साधे!”

माझी बहीण लव्हडे मात्र हसली नाही. जेवताना तिने विचारलं, “अहो, बूट चढला असता तर?”

“गेलो असतो बाहेर.”

“आणि पुन्हा आलं विधेयक, तर?”

गिल्बर्टांनी मटणाचा मोठा तुकडा तोंडात कोंबला.

पुढच्या हिवाळ्यात ते आलंच. लॉर्डसाहेबांनी गिल्बर्टांना वाड्यावर बोलावून गरम चॉकलेट पाजलं, जकातखात्यातली बिनकामाची पण पगाराची एक जागा देऊ केली, आणि या वेळी सैल बूट घालून या, असंही हसत सुचवलं. गिल्बर्टही हसले. मला वाटलं, गेला हा माणूस.

मतदानाच्या दिवशी मी सभागृहात प्रेक्षकांच्या वरच्या सज्जात होतो. सभापतींनी विधेयक मताला टाकलं, माणसं उठू लागली. गिल्बर्टांनी दोन्ही हातांनी बाक घट्ट धरला. केसांच्या टोपाखालचे त्यांचे कान मला वरूनही लाल दिसत होते. लॉर्डसाहेबांचा पुतण्या दाराशी अडून उभा राहिला.

“काय पेनवॉर्न, पाय दुखतोय का आजही?”

“नाही,” गिल्बर्ट म्हणाले. वर सज्जातही ऐकू आलं. “आज पाय ठणठणीत आहे.”

विधेयक या खेपेला सपशेल आपटलं. खरं सांगायचं तर गिल्बर्ट बाहेर गेले असते तरी आपटलंच असतं. हे मी त्यांना म्हटलंही. ते म्हणाले, असेल. आणि रस्ताभर शीळ घालत चालले.

पुढच्या निवडणुकीत लॉर्डसाहेबांनी गिल्बर्टांच्या विरुद्ध दुसरा माणूस उभा केला. मत चारचौघांत मोठ्याने सांगायचं, समोर लॉर्डसाहेबांचा कारभारी बसलेला. बहुतेकांनी मान खाली घालून नव्या माणसाचं नाव घेतलं. हॅनिबलने मात्र पेनवॉर्न म्हणून असा आवाज दिला की बाहेरचे घोडे बिचकले. आठवड्याच्या आत त्याला लॉर्डसाहेबांच्या मालकीचं राहतं घर सोडावं लागलं.

गिल्बर्टांनी त्याला आपली नदीकाठची रिकामी गिरणी राहायला दिली. आता दोघं रोज सकाळी मासे धरायला बसतात आणि कुठला गळ चांगला यावरून भांडतात. लव्हडे म्हणते, पार्लमेंटात ह्यांनी एवढं तोंड उघडलं असतं, तर एव्हाना मंत्री झाले असते.