जुळलेले काटे

मी एक वायुभारमापक बोलतोय. नाव जड आहे, म्हणून अंबरनाथला ते कुणी घेत नसे. विष्णुपंतांच्या घरात मला 'हवेचं घड्याळ' म्हणतात. पितळी कडं, जाड काच, आत दोन काटे. सध्या मी अंदमानच्या समुद्रात, एका लाँचमध्ये, कुमुदिनीआत्यांच्या मांडीवर आहे. किनारा मागे पडलाय. एरवी मी गप्प राहणारा. पण आज बोलायलाच हवं, आणि नेमकं इथे माझं ऐकणारं कुणी नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका बंदराच्या गावचा. माझी भावंडं जहाजांवर गेली, माझ्या नशिबी अंबरनाथ आलं. तिथल्या एका कारखान्यातल्या गोऱ्या साहेबाने मायदेशी परतताना मला विष्णुपंतांच्या हातात ठेवलं. माझ्या चकतीवरचे शब्द त्या साहेबाच्या मातृभाषेतले. ते इंग्रजीही नव्हेत, म्हणून कुणालाच वाचता येत नसत. अंबरनाथ पूर्वेला त्यांच्या बैठकीच्या खोलीत मी वर्षानुवर्षं लटकत होतो. येणारा प्रत्येक पाहुणा माझ्याकडे बघून म्हणे, "घड्याळ बंद पडलंय वाटतं." काटा दिसला की तो फिरलाच पाहिजे, असं माणसांना का वाटतं कोण जाणे.

माझं काम साधं आहे. काळा काटा माझा स्वतःचा. हवेचा दाब उतरला की तो डावीकडे, वादळाच्या बाजूला सरकतो. सोनेरी काटा ही नुसती खूण. काचेवरची कळ फिरवली की तो हवा तिथे नेता येतो. विष्णुपंत रोज सकाळी अंघोळ झाली की माझ्या काचेवर टिचकी मारत आणि सोनेरी काटा काळ्यावर आणून ठेवत. दुसऱ्या दिवशी दोघांत फट पडली असेल तर हवा बदलली, असं समजायचं. हे फक्त त्यांना ठाऊक होतं. बाकीच्या घराला एवढंच दिसे, की ते रोज काटे जुळवतात आणि मग दिवस नीट जातो.

एकोणनव्वद साली त्यांच्या वृंदाचं लग्न ठरलं. मुलगा हेमचंद्र. त्याचं घराणं तीन पिढ्यांपासून अंदमानातल्या एका लहानशा बेटावर, नारळाच्या बागा करून राहिलेलं. त्याची आजी अंथरुणाला खिळलेली, आणि नातवावर अक्षता टाकल्याशिवाय डोळे मिटायचे नाहीत असा तिचा हट्ट. तेव्हा मुलीकडच्यांनीच बेटावर जायचं ठरलं. विष्णुपंतांच्या पत्नीने, मालिनीबाईंनी, कपाळाला हात लावला. विष्णुपंत मात्र खूश झाले. कारखान्याच्या नियोजन खात्यात उभा जन्म काढलेला माणूस. पाहुण्यांना समुद्रापार न्यायचं म्हटल्यावर त्यांना दहा हत्तींचं बळ आलं.

पावसाळा सरल्यापासून रोज संध्याकाळी माझ्याखाली बैठक भरू लागली. कल्याणहून मद्रासची गाडी, मद्रासहून जहाज, पोर्ट ब्लेअरला विश्रांती, मग लाँचच्या दोन खेपा. जहाजात बंद खोली कुणाला आणि खालच्या मजल्यावरची फळी कुणाला, यावरून वांगणीचे मेहुणे शंकरराव रुसून बसले. कुणी मळमळीवर आवळासुपारी सुचवी, कुणी विचारी, बेटावर चहाला दूध तरी मिळतं का. उल्हासनगरहून नव्या बॅगा आल्या. "साईं, समंदर में फेंक दो, फिर भी डूबेगी नहीं," असं दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं. सगळे हसले. कुमुदिनीआत्या हसल्या नाहीत.

आत्या म्हणजे विष्णुपंतांची थोरली बहीण. बदलापूरला एकट्या राहतात. मालिनीबाई आजारी होत्या तेव्हा वृंदाला त्यांनीच वाढवलं. त्यांचे यजमान उल्हास नदीच्या पुरात वाहून गेले, आणि तेव्हापासून आत्या साध्या पुलावरून जातानासुद्धा डोळे गच्च मिटून घेतात.

"मी काही यायची नाही, विष्णू. वृंदाला माझा इथूनच आशीर्वाद."

"आत्या, तू नसलीस तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही," वृंदा म्हणाली आणि रडायलाच लागली.

तेव्हा विष्णुपंतांनी मला भिंतीवरून उतरवलं. "अक्का, हे यंत्र वादळाच्या आधी सांगतं. मी हे तुझ्याजवळ देतो. यंत्र नाही म्हणालं, तर तू लाँचमध्ये पाऊल टाकायचं नाहीस. लग्न पुढे ढकलीन, पण तुला त्या पाण्यात घालणार नाही. शब्द आहे माझा."

"मला मेलीला त्यातलं काय कळणार?"

इथे त्यांनी नीट समजावून सांगायला हवं होतं. फार वेळ लागला नसता. पण समोर जहाजाच्या तिकिटांचा घोळ होता, मेहुणे गाल फुगवून बसले होते, चहा निवत होता. ते म्हणाले, "अगं, सोपं आहे. दोन्ही काटे जुळलेले दिसले की निघायचं. नाही जुळले, तर थांबायचं."

"पत्रिकेसारखं," आत्या म्हणाल्या.

"अगदी तस्संच!"

सगळ्यांना ते फार आवडलं. माझ्या मात्र अंगावर काटा आला.

निघताना मालिनीबाईंनी मला हळदकुंकू लावलं. आगगाडीत, जहाजात, सगळीकडे आत्यांनी मला शालीत गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. एकदा तरी समुद्र बघावा अशी मला हौस होती. ती अशी पुरी व्हायला नको होती.

जहाजाने वडीलधाऱ्यांचे हाल झाले. ठरल्याप्रमाणे विष्णुपंत, मालिनीबाई आणि वृंदा परवाच पहिल्या खेपेने बेटावर गेले. थकलेल्या मंडळींनी आज निघायचं होतं. त्यांना आणायची जबाबदारी पुतण्याची, मधूची. मधू कल्याणला बँकेत कारकून आहे, मुलगा गुणी आहे. "आत्याजवळचं यंत्र बघ, मगच निघा," एवढं त्याला बजावून विष्णुपंत लाँचमध्ये चढले. मुहूर्त उद्या सकाळचा.

आज सकाळी आभाळ स्वच्छ होतं. पाणीही निवांत होतं. पण माझ्या पोटात पातळ पत्र्याची एक डबी आहे, ती काल संध्याकाळपासून, बाहेरचा दाब उतरू लागल्याने, फुगत चालली होती. काळा काटा सोनेरीला सोडून बराच डावीकडे गेला होता. आत्यांनी धक्क्यावर शाल उघडली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मधू, काटे जुळत नाहीत रे. मी नाही यायची."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! आत्या वाचल्या, सगळेच वाचले, असं मला वाटलं.

"अगं आत्या," मधू हसून म्हणाला, "ते आपोआप थोडेच जुळतात? काका रोज सकाळी फिरवून जुळवतात, मी स्वतः बघितलंय. दोन दिवस ते इथे नाहीत ना, म्हणून राहिलंय." त्याने कळ फिरवली. सोनेरी काटा मुकाट्याने काळ्यावर येऊन बसला. "हे बघ. जुळले!"

"मशीन क्या बोलता है, साब?" लाँच चालवणाऱ्या सारंगाने विचारलं.

"एकदम ओके. चलो."

आत्यांनी देवाचं नाव घेतलं, मला छातीशी धरलं आणि लाँचमध्ये पाऊल टाकलं.

आता बेट अजून दिसत नाही आणि धक्काही दिसत नाही. लाटा लांबलांबून, एकाच बाजूने येऊ लागल्यात. ऊन पिवळट पडलंय. शंकररावांनी भेंड्या सुरू केल्या होत्या, त्या मघाशीच थांबल्या. आवळासुपारीची डबी हातोहात फिरतेय. सारंग सारखा उजवीकडे बघतोय, आणि मग माझ्याकडे.

विष्णुपंत, तुम्ही तिकडे पाहुण्यांसाठी शहाळी सोलून ठेवली असतील. एकदा आभाळाकडे बघा हो. आणि इथे बसलेल्यांनो, मी हात जोडतो, तो सोनेरी काटा सोडा. माझ्या काचेवर एक टिचकी मारा, काळ्याकडे बघा. लाँच अजून वळवता येईल.

आत्यांनी पुन्हा शाल बाजूला केलीय.

"मधू, परत वेगळे झाले रे."

"लाँच हलतेय ना, म्हणून. आण इकडे." काळा काटा आता चकतीच्या पार डाव्या टोकाला, साहेबाच्या भाषेतल्या शेवटच्या शब्दावर आहे. मधूने कळ फिरवून सोनेरीलाही तिथेच नेलं.

"जुळले?"

"जुळले, आत्या. अगदी एकावर एक."

"मग काही नाही. विष्णूचा शब्द आहे," त्या म्हणाल्या. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, डोळे न मिटता, त्या पाण्याकडे बघत बसल्या.