सहावी स्लेज

धाकट्याने डाव्या काठीचं टोक बर्फात रोवलं, बुडाखालची स्लेज गर्रकन वळवली आणि हॉकीची चकती ताईकडे सरकवली. तिने ती थेट जाळ्यात घातली. शिट्टी वाजली, सराव संपला.

"हा गोल खाल्ल्याचं आमच्या घरी सांगू नका हं," गोल राखणारे मास्तर ओरडले. "आधीच तिथं किंमत नाही."

हशा पिकला. एकेक स्लेज दाराकडे निघाली. दोन्ही हातांतल्या आखूड काठ्यांची दातेरी टोकं बर्फावर करकरत होती. धाकटा मात्र नेहमीसारखा जागीच बसून राहिला.

संघातल्या पाचजणांचे पाय कामाचे नव्हते, त्याचे धडधाकट. सहावा गडी मिळेना म्हणून अकरा वर्षांपूर्वी ताईनेच त्याला 'एका हिवाळ्यापुरता' बसवला होता. तेव्हा जास्तीची स्लेज कुठली असायला! शेजारच्या वेल्डरने मोडक्या खाटेच्या नळ्या वाकवल्या, खाली जुन्या स्केटची पाती जोडली, झाली स्लेज. पहिल्या दिवशी खेळ आटोपल्यावर धाकटा कमरेचे, पायांचे पट्टे सोडून सहज उठला, आणि बोलता बोलता सगळे गप्प झाले. कुणी टोकलं नाही. पण त्यानंतर तो बर्फावर कधी उभा राहिला नाही. सगळे बाहेर पडेपर्यंत थांबायचा, मग स्लेज दाराशी नेऊन उंबऱ्यावर उतरायचा.

आज पट्टे मांड्यांत जास्तच रुतत होते. त्याच्या पिशवीच्या तळाशी पंधरा दिवसांपूर्वी आलेलं पत्र होतं. दूरच्या गावी, मोठ्या कारखान्यात मुख्य फिटरची जागा. होकार सोमवारपर्यंत कळवायचा होता, आणि आज शुक्रवार. रोज रात्री जेवताना तो ताईला सांगायला तोंड उघडायचा आणि मीठ मागायचा. सहावा गेला की संघ स्पर्धेतून बाद. तिच्या हातून एवढं एकच काढून घ्यायचं, ते कोणत्या तोंडाने?

दारापाशी आज कुणी हलेना. ताई वळून परत आली. तिच्या मागून बर्फ गुळगुळीत करणारा यंत्रवाला, रबरी बुटांनी जपून पावलं टाकत. त्याच्या हातात धाकट्याचे बूट होते.

"ऊठ," ताई म्हणाली.

"सगळे आहेत, ताई."

"असू देत. पट्टे सोड."

"अगं, पण झालंय काय?"

"दादा, आटपा," यंत्रवाला म्हणाला. "मला बसायचंय त्या स्लेजवर. दोन महिने झाले, दर बुधवारी तुम्ही कामावर गेलात की ताई मला खेळ शिकवताना माझ्या दंडांचा पार भुगा करतात."

"चकती अजून दिसत नाही त्याला," ताई म्हणाली. "पण उलटला तर आपला आपण सरळ होतो."

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं. "दोन महिने? पत्र तर पंधरा दिवसांपूर्वी आलं."

"कुठलं पत्र?"

तो पट्ट्याची कडी चाचपत राहिला.

"अकरा वर्षं दारातून मागे वळून तुला असं बसलेलं बघतेय," ती म्हणाली. "कंटाळा आला. चल."

त्याने पट्टे सोडले. बूट चढवले. उभा राहिला, आणि दुसऱ्याच पावलाला आडवा झाला.

"अकरा वर्षं बर्फावर," मास्तर दारातून ओरडले, "आणि गड्याला दोन पावलं टाकता येईनात!"

सगळे हसले. सगळ्यांत आधी ताई. तिने आपल्या स्लेजची पाठ त्याच्याकडे फिरवली.

"धर."

त्याने वाकून तिच्या आसनाची कड पकडली. तिने दोन्ही काठ्या मारल्या. तो मागून घसरत, लटपटत दारापर्यंत आला आणि उंबरा ओलांडून बाहेर पडला. ती आतच थांबली.

"पत्राचं आज जेवताना सांग," ताई म्हणाली. "मीठ मी आधीच वाढून ठेवते."

मग ती वळली. मैदानाच्या मधोमध यंत्रवाला खाटेच्या नळ्यांत बसून कुठला पट्टा कुठे लावायचा ते शोधत होता.