पट्टीचा काठ

मनगट बरं झालंय असं डॉक्टर म्हणाले, पण पिस्तुलाला ते पटलेलं दिसत नव्हतं. स्कूटरवरून पडल्यानंतर चिमी पहिल्यांदाच क्लबात गेली आणि पाच-सहा गोळ्यांतच परत फिरली. प्रत्येक झटका मनगटात सुईसारखा घुसत होता. आपलं नेमबाजीचं खूळ संपलं, असं तिने घरी सांगून टाकलं. आईला मनातून बरंच वाटलं. दादाने तिचं पिस्तूल आपल्याकडे ठेवून घेतलं.

दादाचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं आणि क्लबातली पिस्तुलंही तोच बघायचा. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. आत दोघं उभे राहिले की तिसऱ्याने बाहेरूनच बोलायचं.

आधी त्याने चिमीच्या पिस्तुलात कडक स्प्रिंग घातली. झटका जरा कमी झाला, पण स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकता भाग, परत येताना अशी आपटायची की नळी खाली नाक खुपसायची. चिमीने हात टेकले.

मग एका रविवारी त्याने तिला बोलावलं. पिस्तूल सुटं करून ठेवलं होतं. स्लाइडच्या पाठीत बसणारी नखाएवढी पोलादी पट्टी त्याने चिमट्यात धरली. गोळी सुटली की स्लाइड मागे येते आणि या पट्टीचा खालचा काठ गोळीला ठोका देणाऱ्या घोड्याला मागे लोटतो, हे चिमीलाही ठाऊक होतं. सगळी गोम त्या काठात आहे, असं दादाचं म्हणणं. काठ गोल असला की तो घोड्याला वरच्या बाजूला भिडून सहज लोटतो. मग स्लाइड सुसाट येते आणि मनगटावर आदळते. काठ सरळ ठेवला तर तो खाली, घोडा ज्या खिळीवर फिरतो तिच्यापाशी भिडेल.

"दार बिजागरीजवळ ढकलून बघ, किती जड जातं," तो म्हणाला. "तसंच. स्लाइड निघतानाच रेंगाळेल."

"एवढ्याशा काठाने?"

"तुझी जीभ तरी केवढीशी आहे? घरभर पुरते ना?"

नवी पट्टी त्याने स्वतः घडवली. क्लबात पहिली गोळी झाडून चिमी तशीच उभी राहिली. आवाज तोच होता, गोळी तीच, पण सुई गेली होती. कुणीतरी तळहाताने मागे सारावं, तसं वाटलं. दुखलं का, असं दादाने मागून विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली आणि पुन्हा नेम धरला.

त्या वर्षीच्या स्पर्धेत ती शेवटच्या फेरीपर्यंत पुढे होती. आणि तिथेच स्लाइड अर्ध्यावरून परतली, रिकामं काडतूस अडकलं. ते सोडवेपर्यंत वेळ संपली. चिमी चौथी आली. काठ जरा जास्तच सरळ राहिला होता, त्या दिवशीच्या हलक्या गोळ्यांना तो झेपला नाही.

बसमध्ये दादाचं तोंड एवढंसं झालं होतं. "माझ्यामुळे गेलं तुझं," तो म्हणाला.

"दादा, मला साधं डब्याचं झाकण निघत नव्हतं," चिमी म्हणाली. "आज मी अख्खी स्पर्धा खेळले."

दुसऱ्या दिवशी त्याने त्या काठाचा कोपरा कानशीने किंचित गोल केला. मग पिस्तूल कधी अडलं नाही. पुढे बक्षिसंही आली, पण चिमीला आठवते ती जिन्याखालची खोली. मशीनच्या तेलाचा वास, कानशीची खरखर, आणि काठ उजेडात धरून एक डोळा मिटणारा दादा.

आता तिथे भाडेकरूंच्या सायकली असतात. दादाचे हात थरथरतात. परवा त्याची मुलगी आपलं पिस्तूल घेऊन आली. झटक्याने नेम हलतो, म्हणाली. सरळ काठाची कोरी पट्टी तिने मागवून घेतली होती, पण ती घासून बसवणार कोण? दादाने बहिणीकडे पाहिलं.

चिमीने जन्मात कानस धरली नव्हती. स्वयंपाकघरातल्या टेबलाला पट्टी घट्ट धरायची व्हाइस लागली आणि दादा खुर्ची ओढून शेजारी बसला.

"किती दाबतेस गं. ओटा घासतेस का? मागे नेताना उचल."

दोन सुनांची सासू असलेली बाई, पण तो शाळकरी पोरीला रागवावं तसा रागवत होता. भाची तोंड लपवून हसत होती. चिमी मुकाट्याने ऐकत होती, आणि किती वर्षांनी इतकं बरं वाटत होतं. दुपारपर्यंत पट्टी खोबणीत बसली. काम झालं होतं. तरी ती फडक्याने काठ पुसत राहिली, आणि दादा पुढची चूक शोधत राहिला.