नकाशात नसलेला वहाळ

"सगुणे, काही झालं तरी वहाळ बुजू देऊ नको. पावसाचं पाणी त्याच वाटेनं जाऊ दे."

काळुरामला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी टिटवाळ्याजवळच्या त्या शेताच्या बांधावर उभं राहिलं की सगुणाला नवऱ्याचा आवाज जसाच्या तसा ऐकू येई. आणि आता त्याच वहाळात कुणीतरी डंपरनं डेब्रिज आणून ओतत होतं. फुटक्या लाद्या, विटांचे तुकडे, एक अख्खं बेसिनसुद्धा.

"कोण टाकतं रे हे?" तिनं पुतण्याला विचारलं.

"कुणीही टाकतं, काकी. कुणाकुणाला धरायचं?" हर्षित म्हणाला.

पण डंपर आत यावा म्हणून बांध फोडला होता तो हर्षितच्याच वाट्याच्या शेतातून. सगुणानं ते पाहिलं आणि पदर सावरून ती घराकडे वळली.

शहराचा नवा विकास आराखडा आला होता. इतकी वर्षं शेतीसाठी राखलेला पट्टा त्यात घरांसाठी खुला झाला होता. जमिनीला भाव येणार म्हणून सगळी भावकी खूश. फक्त नव्या नकाशात वहाळच नव्हता. खालच्या वाडीतल्या तुळसानं त्यावर हरकत घेतली होती. मागे एका पावसात तिच्या घरात कंबरभर पाणी शिरलं होतं.

"मंगळवारी कल्याणला सुनावणी आहे," रविवारी ती सांगायला आली. "आम्ही बोललो तर म्हणतील, ह्यांचीच घरं बेकायदा. जमीन तुझी. तू सांगितलंस तर ऐकतील. येशील ना गं?"

"येते. शब्द दिला."

सोमवारी हर्षित समोसे घेऊन हजर.

"अरे, सोमवार ना माझा! लहानपणापासून बघतोयस."

"सॉरी सॉरी, डोक्यातून गेलं." तो स्वतःच एक समोसा खायला लागला. "काकी, तुझा वज्रेश्वरीचा नवस राहिलाय ना? उद्या जाऊन येऊ. देवीचा वार आहे. गाडी आणतो."

दोन वर्षं ती त्याला हेच विनवत होती. क्षणभर तिला भरून आलं. मग मनात काहीतरी खुपलं.

"बुधवारी जाऊ या की."

"बुधवारी गाडी नाय मिळणार."

"कुणाची गाडी?"

"हाय एक मित्र."

"ज्याचे डंपर आहेत, तोच का?"

हर्षितचा घास तोंडातच राहिला. "तू पण ना काकी! टीव्ही कमी बघ जरा." तो हसला, पण तिच्याकडे न बघता. "सकाळी आठला तयार राहा."

मंगळवारी सगुणानं नेहमीसारखी पूजा केली. देवीपुढं हात जोडून हळूच म्हणाली, "रागावू नकोस गं माय. पुढच्या मंगळवारी एसटीनं येते."

पुढच्या अंगणात गाडीचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. सगुणा तेव्हा चपला हातात घेऊन, मागच्या दारानं, तुळसाच्या वाडीकडे उतरत होती.