नावेच्या झाकणाची पारख

मित्रांनो, मी अकोल्याकडच्या एका धरणावरची म्हातारी नाव आहे, आणि माझा सहजासहजी कुणावर विश्वास बसत नाही. पाण्यावर जन्म काढला की असंच होतं.

नत्थुजी सुतारांनी मला मुरलेल्या सागवानात घडवलं. माझ्या पुढच्या भागावर फळ्या आहेत, त्यांत हातभर रुंद चौकोनी तोंड, आणि त्यावर झाकण. आत पोटात दोर, पाणी उपसायचा डबा आणि तरंगती जाकिटं. काठावरून चढणारा प्रत्येक जण पहिलं पाऊल त्या झाकणावरच टाकतो. वीस वर्षं शेषराव मला वल्हवत आले. पूर्वी ते दर उन्हाळ्यात मला तेल पाजायचे. लोक म्हणायचे, "नाव असावी तं शेषरावची!" पुढे तेल राहून गेलं. झाकणाच्या कडा पावासारख्या मऊ झाल्या. पाय पडला की मी करकरायचे. कुणी ऐकलं नाही.

पलीकडच्या गावात लेकरांना लस टोचायला जाणाऱ्या नर्स प्रियदर्शनीताई एका मंगळवारी चढल्या आणि त्यांचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. लसीचा डबा त्यांनी वर धरून वाचवला. नडगी मात्र सोलली.

"शेषरावभाऊ, आज माहा पाय गेला. उद्या कडेवर लेकरू घेतलेली बाई चढली तं?"

शेषरावांनी त्याच दिवशी मला खुंट्याला बांधलं. नवं झाकण बसेपर्यंत नाव बंद.

पण झाकण कशाचं? सागवान मिळालं ते ओलं. दोन उन्हांत वाकलं असतं. लोखंडी पत्रा वैशाखात तापला तर अनवाणी तळवे भाजणार. मग अमरावतीत फर्निचरचं काम करणारा त्यांचा भाचा नितेश प्लायवूडची फळी घेऊन आला.

"मामा, हा पाण्यातला प्लाय आहे. दहा वर्षं पाहाचं काम नाही."

मला संशय आला. प्लायचे आतले थर कडेलाच दिसतात, आणि फळीच्या फक्त कडांना जाड लाल रंग फासला होता. शेषरावांनी नख लावून पाहिलं आणि फळी बाजूला ठेवली. त्यांच्या पत्नी शालूबाई मात्र विचारल्याशिवाय राहणाऱ्या नव्हत्या.

"काहून रे, कडाच रंगवल्या? काय झाकून राहिला?"

"मामी, तुमी तं पोलिसावानी विचारता!"

शालूबाईंनी फळीचा एक तुकडा कापून घेतला आणि चुलीवरच्या पाण्यात दुपारभर उकळला. संध्याकाळी त्याचे पोळीसारखे पदर सुटले.

नितेशनं तो हातात घेतला. एकेक पदर सोलून पाहिला.

"दुकानात मलेबी शंका आली होती, मामी. पण विचारलं नाही. काम उरकाचं होतं."

शेषराव रागावले नाहीत. नुसते त्याच्याकडे पाठ करून वल्हं पुसत बसले. त्यानं नितेशला जास्त लागलं असावं.

आठवड्यानं तो फायबरची जाड फळी घेऊन आला. पाय घसरू नये म्हणून वर खरखरीत रेती बसवलेली. लाकडाच्या माझ्या अंगाला ही परकी वस्तू मानवेल का, या विचारानं मी आकसले. शालूबाईंनी तिलाही सोडलं नाही. तिचा तुकडा उकळला, मग दगड ठेवून आठ दिवस टाक्यात बुडवला. काही झालं नाही. तरी शेषरावांचं मन धजेना.

नितेशनं झाकण बसवलं, त्यावर हरभऱ्याचं पोतं ठेवलं आणि पोत्याशेजारी स्वतः उभा राहिला. "चाला मामा, पाण्यात." पलीकडचा काठ गाठून परत येईपर्यंत तो तिथून हलला नाही. मी कान देऊन होते. झाकण करकरलं नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी ताई आल्या. काठावरूनच त्यांनी छत्रीची दांडी झाकणावर आपटून पाहिली.

"याच्यावर आधी कोण उभं राह्यलं?"

"मी, ताई," नितेश म्हणाला.

ताईंनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. मग त्या दिवशी आत गेलेला पाय उचलून तोच आधी झाकणावर ठेवला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंचं करकरणं वेळीच ऐकत जा. आणि दुसऱ्याच्या पायाखाली काही घालणार असाल, तर मनात आलेली शंका दुकानातच सोडून येऊ नका.