बाकावरचे दांडे

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो, बागेच्या फाटकाजवळचा. सुताराने मला घासूनपुसून इथे बसवले, तेव्हा समोर बैठी घरे होती. तिथली माणसे संध्याकाळी पाय सोडून बसायची आणि म्हणायची, "काय ऐसपैस बाक आहे!" मी फुगून जायचो.

मग ती घरे पाडून उंच इमारती उठल्या. भाडी आभाळाला भिडली. जुनी माणसे शहराच्या पार टोकाला फेकली गेली. त्यांची कामे मात्र इथेच राहिली. स्वयंपाक करणाऱ्या मावशी त्यांच्यातल्याच एक. सकाळची घरे उरकली की संध्याकाळच्या घरांपर्यंत मोकळा वेळ, पण तेवढ्यात घरी जाऊन येणे शक्यच नव्हते. म्हणून दुपारी सुजलेले पाय वर घेऊन त्या माझ्यावर आडव्या व्हायच्या. कुणाचे काय बिघडत होते, सांगा!

पण बिघडले. "बाग आहे की धर्मशाळा?" म्हणत इमारतीतल्या एका बाईंनी तक्रार केली. माझी मोडकी फळी वर्षानुवर्षे कुणाला दिसली नव्हती. कुणी आडवे होऊ नये म्हणून लोखंडी दांडे मात्र आठवड्यात आले! मला भोके पाडून माझे तीन तुकडे केल्यासारखे ते नट-बोल्टने बसवले.

"अगं बाई, आता पाठ टेकायची कुठं?" मावशी पुटपुटल्या आणि शेजारी मातीतच बसल्या.

एकदा भर उन्हात त्याच बाईंच्या सासूबाईंना बागेत भोवळ आली. "मला जरा आडवं होऊ दे गं," त्या कण्हल्या. दांड्यांमध्ये त्या मावणार कशा? मावशींनी त्यांना जमिनीवर निजवले, उशाला आपली पिशवी दिली, पदराने वारा घातला. बाई धावत आल्या.

"अहो, बाकावर का नाही झोपवलंत?"

"कशी झोपवू, ताई? दांडे आहेत ना."

बाईंनी दांड्यांकडे पाहिले. मला वाटले, चला, सुटलो एकदाचा! कसले काय! दुसऱ्या दिवशी त्या आजींसाठी बागेत आरामखुर्ची आली. आजी घरी गेल्या की रखवालदार ती कुलपात ठेवतो. दांडे जागच्या जागी, आणि मावशी मातीत.

मित्रांनो, मला नवा रंग नको, कौतुक तर नकोच. मोठेपणी शहर बांधायला घ्याल, तेव्हा तुमचे जेवण रांधणाऱ्यांना जवळ राहता येईल एवढी जागा आधी सोडा. आणि तोवर कुणीतरी एक पाना घेऊन या. माझे नट अजून गंजलेले नाहीत.